पाणी न पिणाऱ्या मुली

कॉलेजच्या फळ्यावर हिवाळी परीक्षेचं वेळापत्रक लागलं की माझ्या घशाला कोरड पडते. पेपरच्या धास्तीनं म्हणावं तर तसंही नाही. पेपरची धास्ती मी किर्गिझस्तानात, बिश्केकमध्ये, अर्धीमुर्धी समजणाऱ्या रशियन भाषेत तोंडी परीक्षा देता देता संपवून आले आहे. ही कोरड वेगळी आहे आणि ती याच दिवसांत येते. मुर्रीतल्या आमच्या घरामागच्या बांध्या, म्हणजे धानाची बांधाबांधाची शेतं, तेव्हा रिकाम्या झालेल्या असतात, कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले असतात, आणि सकाळी सायकलवर गोंदियाकडे निघालं की रस्ताभर राइस मिलमधला उकडलेल्या धानाचा आंबूस, ऊबदार वास येत राहतो. लोकांना हा हंगाम आवडतो. नवा तांदूळ घरात येतो, गावोगाव मंडईची जत्रा भरते, लेकी माहेरी येतात. मलाही आवडायचा. दोन हिवाळ्यांपूर्वीपर्यंत.

परदेशातून आले तेव्हा सगळे विचारायचे, काय काय पाहिलंस? मग मी बर्फ सांगायची, डोंगर सांगायची, घोड्याचं मांस खाणारी माणसं सांगायची. ऐकणाऱ्याला काय हवं असतं ते कळायला लागतं हळूहळू. पण खरं सांगायचं तर तिथली सगळ्यात मोठी चैन मी कुणाला कधी सांगितलीच नाही, कारण ती सांगितली असती तर लोक हसले असते. मी तिथे पाणी प्यायचे. मनाला येईल तेव्हा, बाटली तोंडाला लावून, गटागटा. वर्गाबाहेर, जिन्याखाली, वाचनालयात, कुठेही वळलं की बाथरूम होतं. दाराला कडी होती, नळाला पाणी होतं आणि ते उघडायला कुणाची परवानगी लागत नव्हती. पहिल्या महिन्यात मी बाटली उचलायची आणि नकळत मनात हिशेब लावायची की आता प्यायले तर पुढे जायचं कुठे. मग आठवायचं की इथे तो प्रश्नच नाही. तो हिशेब डोक्यातून गेला त्या दिवशी मी खोलीत एकटीच हसले होते.

आमच्याकडच्या मुलींना हे समजावून सांगावं लागत नाही. सकाळी अर्धा कप चहा, तोही घरच्यांनी आग्रह केला म्हणून. मग एसटी, मग तास, मग प्रॅक्टिकल, मग पुन्हा एसटी. घरी पोचल्यावर दारातच चप्पल भिरकावून आधी मागच्या अंगणात धाव आणि मग उभ्या उभ्या तांब्याभर पाणी. दप्तरात बाटली असते सगळ्यांच्या. ती भरलेली नेतात आणि भरलेली आणतात.

दोन वर्षं डॉक्टरी शिकून मी परतले, कारण बाबांना लकवा मारला आणि घरात आई आणि माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. आईला एकटीला बाबांना उचलता येत नव्हतं. परत जायचं, जायचं असं काही महिने बोलत राहिलो आम्ही, नंतर बोलणं बंद झालं. गोंदियात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. ज्या वयात माझ्या बरोबरीच्या मुली शेवटच्या वर्षाला होत्या त्या वयात मी पुन्हा पहिल्या बाकावर, माझ्याहून लहान पोरींच्या मध्ये. मोहल्ल्यात मात्र माझं नाव ‘डॉक्टरीण’ पडलं ते पडलंच. शेजारचे आजोबा बीपीच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन यायचे आणि ही रात्रीची का सकाळची ते विचारायचे. मी सांगितलं की मी अर्धवट आहे, तर म्हणायचे, आमी तं पुरेच अडानी आहो, तू सांग. मला हसू यायचं आणि त्याच वेळी कुठे तरी जाऊन तोंड लपवावंसं वाटायचं.

कॉलेजात ‘कमवा आणि शिका’त काम मिळालं. मुलींच्या खोलीची चावी माझ्याकडे आली. ही खोली वाचनालयाच्या मागे, लांबट, दोन बाक, एक आरसा, कोपऱ्यात माठ आणि आत बाथरूम. मधल्या सुट्टीत उघडायची आणि घंटा झाली की बंद करायची. दिवसभर उघडी ठेवली तर मुली तास बुडवून आत गप्पा मारत बसतात आणि टाकीतलं पाणी पुरत नाही, असं त्यामागचं म्हणणं. सुट्टी एवढीशी, रांग तेवढी मोठी. अर्ध्या मुली रांगेत उभ्या राहून तशाच वर्गात परत जायच्या. माठ भरायचं कामही माझंच होतं. मी रोज सकाळी माठ भरायची आणि संध्याकाळी जवळजवळ तेवढंच पाणी मागच्या कडुलिंबाला ओतायची. ते झाड मात्र चांगलं फोफावलं.

सरिता त्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. अकरावी-बारावीला आम्ही एका बाकावर बसलेल्या. मी, सरिता आणि पल्लवी. पल्लवीही आता याच कॉलेजात होती. पल्लवी गोंदिया बाजारातली, घरात हिंदी बोलणारी, आमच्या मराठीची नक्कल करणारी आणि आमचे डबे संपवणारी. सरिता गोरेगावच्या पलीकडच्या एका खेड्यातली. तिच्या घरी गोंडी बोलत. ती आमच्याशी झाडीबोलीत, म्हणजे इकडच्या मराठीत, बोलायची आणि रागावली की तोंडातल्या तोंडात गोंडीत काहीतरी म्हणायची, ते आम्हाला कधी कळलं नाही. शाळेत असताना आमच्या रक्ताची तपासणी झाली होती. सिकलसेलची. आमच्या भागात ती सगळ्यांचीच होते. माझं ‘एएस’ निघालं, म्हणजे आजार अंगात आहे पण निजलेला. तिचं ‘एसएस’. म्हणजे तो जागा. थंडीत, तापात, दमल्यावर तिच्या हाडांत अशी कळ यायची की ती बाकाची कड धरून बसायची आणि तिची बोटं पांढरी पडायची. कळ ओसरली की लगेच विचारायची, मास्तरनं काय लिहून देलं, दाखव.

बिश्केकमध्ये पुस्तकाच्या एका पानावर हा आजार आला. रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नळ्यांत अडकतात, असं चित्र होतं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हे तुम्हाला बहुधा कधी बघायला मिळणार नाही, परीक्षेपुरतं लक्षात ठेवा. माझ्या बाजूच्या मुलीनं पान उलटलं. मी त्या पानाला चिकटून बसले. त्यात लिहिलं होतं की अंगातलं पाणी कमी झालं की पेशी जास्त वाकतात, म्हणून रोग्यानं भरपूर पाणी प्यावं. बस, एवढंच होतं, सगळ्यात सोपी ओळ. मला त्या पानावर सरिता दिसली, दप्तरातली भरलेली बाटली तशीच घरी नेणारी. त्या संध्याकाळी मी तिला फोन करून बराच वेळ पाणी पी, पाणी पी सांगत होते. ती म्हणाली, बरं वो बाई, पेतो.

परत आल्यावर मला वाटलं होतं की आम्ही तिघी जिथे थांबलो होतो तिथून सुरू होऊ. तसं होत नसतं. त्या दोघींकडे दोन वर्षांचे विनोद होते, ते मला माहीत नव्हते. कुणाचं तरी नाव निघायचं, दोघी फिसकन हसायच्या आणि मग पल्लवी मला समजावून सांगायला लागायची. समजावून सांगितलेल्या विनोदावर हसणं फार अवघड जातं. माझ्याकडेही दोन वर्षं होती, पण ती कुणाला दाखवता येत नव्हती. शिवाय वेळ कुणाकडे होता? सकाळी बाबांची अंघोळ, मग कॉलेज, मधल्या सुट्टीत त्या दोघी समोसा खायला टपरीवर आणि मी चावी घेऊन मुलींच्या खोलीच्या दारात. त्या जेवत असायच्या तेव्हा मी रांग बघत असायची. माझे तास संपायचे तेव्हा सरिताची गाडी निघालेली असायची आणि पल्लवी घरी गेलेली.

जेवढा वेळ मिळायचा त्यात मी काय केलं? मी सरिताला पाणी पाजलं. भेटल्या भेटल्या बाटली पुढे करायची. किती प्यायलीस, लघवीचा रंग कसा आहे, हे विचारायची. सुट्टी सोडून एरवी तिला जावं लागलं तर खोली बंद, म्हणून मी खोलीचं कुलूप नुसतं अडकवून ठेवायला लागले, म्हणजे तिला जाता येईल. ते कुणीतरी पाहिलं. मुलींच्या खोलीचं बघणाऱ्या मॅडमनी बोलावून घेतलं. बाई वाईट नव्हत्या. मी आजाराचं सांगितलं तर म्हणाल्या, एकीसाठी उघडी ठेवली तर सगळ्यांसाठी ठेवावी लागेल, आणि संध्याकाळपर्यंत नळाला पाणी कुठून आणू मी? त्यांच्या टेबलावरही पाण्याचा ग्लास होता, झाकलेला. मला तेव्हा प्रथमच वाटलं की ही बाईसुद्धा दिवसभर पीत नसणार.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी माझं प्रॅक्टिकल असायचं. त्या दोन दुपारी चावी ऑफिसात जमा करावी लागे. ऑफिसात पुरुष बसत. त्यांच्यासमोर जाऊन बाथरूमची चावी मागायची, एवढं धैर्य आमच्या कॉलेजातल्या एकाही मुलीत नव्हतं. सरितात तर नव्हतंच. त्या दोन दिवशी ती सकाळपासूनच तोंडाला पाणी लावत नसे, आणि मी प्रयोगशाळेत बेडकाच्या पोटापुढे उभी राहून तेवढंच आठवत राहायची.

दिवाळीनंतर एकदा ती माझ्यावर भडकली. टपरीवर आम्ही तिघीच होतो. मी झाकण उघडून बाटली तिच्यापुढे धरली.

“तू आली तेव्हापासून निस्तं पानी, पानी करून राहिली,” ती म्हणाली. “मी कशी आहो, काय करून राहिलो, घरी माह्या लग्नाचं काय चालू आहे, काही विचारतेस का? बारावीत असताना तुले माह्या बेमारीची आठवन बी नव्हती राहत. आपन हासत होतो. मले मैत्रीण पायजे. नर्स नोको.”

“मले भीती वाटते म्हणून...”

“मले नाही वाटत का? पन मी रोज उठून तुह्याजवळ भीती सांगतो का?”

“अरे छोडो ना यार दोनों,” पल्लवी म्हणाली. “समोसा ठंडा हो रहा है।”

घरी जाताना मला रडू आलं. सायकल हातात धरून मी अर्धा रस्ता चालत गेले. ती बरोबर बोलत होती. तिच्या लग्नाचं चाललंय हे मला माहीतच नव्हतं. मुलगा केशोरीकडचा होता, तिच्या मामाच्या गावाजवळचा, आणि बोलणी रक्ताच्या रिपोर्टवर अडली होती. हे पल्लवीला माहीत होतं. मला तिच्या पेशींचा आकार माहीत होता.

मग मी बोलायचं सोडून दिलं. पाण्याचं नाव काढलं नाही. आणि काय सांगू, त्यानंतरचे ते काही आठवडे फार छान गेले. ती पुन्हा सरिता झाली. मुलाचा फोटो दाखवला. त्याच्या कानांवरून आम्ही तिघी पोट धरून हसलो, आणि या वेळी मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही, कारण मी पहिल्यापासून त्यात होते. तिच्या गावच्या मंडईला आम्ही दिवसभर भटकलो. उसाची कांडकी, गरम भजी, बांगड्या. पल्लवीनं झाडीबोलीत भाव करायचा प्रयत्न केला आणि दुकानदार पोट धरून हसला. लाऊडस्पीकरवर रात्रीच्या नाटकाची जाहिरात चालू होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमच्यापैकी एकीनंही पाणी प्यायलं नाही. प्यायलं असतं तर त्या गर्दीत जायचं कुठे? माझ्या लक्षात आलं होतं. मी तिच्याकडे बघितलं, ती हातातल्या हिरव्या बांगड्या उन्हात धरून बघत होती. मला वाटलं, एक दिवस नाही प्यायली तर काय होतं.

परीक्षा सुरू झाल्या तशी थंडीही सुरू झाली. या भागातली थंडी ओली असते. सकाळी बांध्यांवर धुकं बसलेलं, एसटीच्या खिडक्या बंद होत नाहीत, आणि ती पहिल्या गाडीनं यायची. तीन तासांचा पेपर, त्यात मध्ये उठून जाता येत नाही असं नाही, पण उठून गेलं की बाईमाणूस सोबत पाहिजे, वही-पेन ठेवा, विचारपूस, सगळ्या वर्गाच्या नजरा. कोण उठतं? तिसऱ्या का चौथ्या पेपरला ती बाहेर आली तेव्हा भिंतीला धरून चालत होती. छातीत दुखते म्हणाली. पल्लवीनं गाडी काढली आणि आम्ही तिला मधे बसवून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिचं अंग माझ्या अंगाला लागून होतं आणि तापानं भाजत होतं. ती म्हणत होती, माहा पेपर बरा गेला वो, पुरा लिवलो.

तिथे त्यांनी लगेच सलाइन लावली, ऑक्सिजन लावला, रक्त चढवलं, जे करायचं ते सगळं केलं. तिची आई संध्याकाळच्या गाडीनं आली. डॉक्टर तिला सांगत होते, थंडी लागली, छातीत संसर्ग झाला, अंगातलं पाणी फार कमी झालेलं होतं. मी मागे उभी होते. प्रत्येक वाक्याच्या आधी मला ते वाक्य माहीत होतं. पान, ओळ, बाजूचं चित्र. माहीत असण्याचा एवढा राग मला कधी आला नव्हता. दोन दिवसांनी सरिता गेली. तिचा शेवटचा पेपर राहिला होता. मला कळलं तेव्हा दोन पेपरांच्या मधली सुट्टी होती आणि मुली दार उघडायची वाट बघत उभ्या होत्या. मी दार उघडलं. त्या गेल्या, आल्या, आरशात बघून केस नीट केले. घंटा झाली, मी दार बंद केलं.

आता मी स्वतः शेवटच्या वर्षाला आहे. चावी अजून माझ्याकडेच आहे. मॅडम बदलून गेल्या. नवीन मॅडमना मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की खोली दिवसभर उघडी राहील, आणि नाही तर दुसरी कुणी बघा. असं बोलायला मी आधी का शिकले नव्हते, याचा विचार करून काही उपयोग नाही, पण करते. खोली उघडी असते. तरी मुली पीत नाहीत. माठ संध्याकाळी भरलेलाच असतो. बाथरूम उघडं आहे हे कळायला एक दिवस पुरतो, पण त्यांच्या अंगाला ते पटायला किती वर्षं लागतील कोण जाणे. कधी मी एखादीला थांबवते, पाणी पी म्हणते, ती लाजून हसते आणि नोको ताई म्हणते. मी पुन्हा म्हणते. मी आता कुणाची मैत्रीण नाही, त्यामुळे मला पुन्हा पुन्हा म्हणायला काही वाटत नाही. पल्लवी रायपूरला नोकरीला गेली. फोनवर बोलतो आम्ही, इकडचं तिकडचं. सरिताचं नाव दोघीही घेत नाही.

त्या हिवाळ्यात, परीक्षा संपल्यावर, मी एकदा तिच्या घरी गेले होते. गोरेगावला एसटीतून उतरून पुढे चालत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्यांत लाखोळीचं कडधान्य उगवून आलं होतं, निळी फुलं लागली होती. तिची आई अंगणात बसून सुपानं धान पाखडत होती. मला बघून तिनं बाजूला सरकून जागा केली. पेपर कसे गेले विचारलं. बाबा कसे आहेत विचारलं. मी बाजूला बसले आणि सुपातले खडे वेचायला लागले. बराच वेळ आम्ही तेच करत होतो.

मग ती म्हणाली, “डॉक्टर म्हने, तिच्या आंगातलं पानी कमी झालं होतं.”

मी मान हलवली.

“गाडीत बसाच्या आधी पानी पेऊ नोको, हे मीनंच सांगतलं होतं तिले. पयल्यांदा गोरेगावच्या शाळेत निंगाली तवा. म्हनलं, रस्त्यात लागली तं कुठी जाशील, पोरीची जात. तवापासून ते नाहीच पेत होती. मी बी नाही पेत. धानाच्या रोवन्याले जातो आमी बाया, दिवसभर कोनी नाही पेत. आमाले काही होत नाही.” तिनं सूप मांडीवर ठेवलं. “तू शिकून आलीस तिकडून. त्याच्यानंच झालं का? खरं सांग.”

ते पान माझ्या डोळ्यापुढे होतं. ती ओळही. मला वाटलं, रक्ताचं सांगावं, आजारच तसा होता म्हणावं. पण ते रक्त तरी कुणाचं होतं? हिचंच.

“नाही मावशी,” मी म्हटलं. “पान्यानं नाही झालं. थंडीनं झालं. यंदा थंडीच लय होती.”

तिनं माझ्याकडे बघितलं. मग सुपाकडे. सुपातलं धान तिनं एका बाजूला केलं, पुन्हा दुसऱ्या बाजूला केलं.

“आखीन एक डाव सांग,” ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं.